खिडकीला टांगलेले बूट

काका, ईश्वरीचे बूट अजून खिडकीलाच आहेत.

मैदानाकडे तोंड केलेली आमची ती खेळाच्या सामानाची खोली, तिची गंजलेली खिडकी आणि दुसऱ्या गजाला लोंबणारा पांढऱ्या कॅनव्हासचा जोड. दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींत ओवून, त्यांतून दोरी घालून गजाला तुम्ही मारलेली गाठ आणि गाठीला तुमचा लाल टॅग. त्यावर तुमचं ठसठशीत अक्षर : 'ईश्वरी, नववी ब. उजवा घोटा. काम चालू आहे. भालेराव.' वारा आला की टॅग गरगर फिरतो. तुम्ही जाऊन आज अकरा दिवस झाले, आणि परवा शनिवारी आपल्याच मैदानावर शहराच्या खो-खो संघाची निवड चाचणी आहे. ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा, हा नियम तुमचा. पोरगी रोज खिडकीखाली येऊन उभी राहते आणि माझ्याकडे बघते. आता हा काढायचा कुणी, एवढं तरी सांगून जायचं की हो.

चिडलेय असं समजू नका. म्हणजे चिडलेली आहेच, पण ते नेहमीचंच. बारा वर्षं आपण या मैदानावर भांडलो. आता चार वाजले की मान आपोआप फाटकाकडे वळते, आणि मग मी उगाच एखाद्या मुलीवर खेकसते. मुलींना कळतं. त्या मुकाट्यानं आणखी एक फेरी मारतात. गेलात त्या सकाळी तुम्ही चहा मागितलात आणि तो येईपर्यंत थांबला नाहीत, असं काकू सांगत होत्या. ऐकून मला रडू यायच्या आधी रागच आला. जन्मभर दुसऱ्यांना 'थांबा, घाई कशाला करायलाव' म्हणणारा माणूस!

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमचे मुख्याध्यापक बोलायला उभे राहिले आणि अडकले. तुम्हाला काय म्हणावं हे त्यांना कळेना. तुम्ही शिक्षक नव्हतात, डॉक्टर नव्हतात, शाळेच्या कुठल्याच रजिस्टरला तुमचं नाव नाही. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सचे फिटर, आणि संध्याकाळी आमच्या मैदानावर. शेवटी ते म्हणाले, "आमच्या मुलींचे पाय सांभाळणारे काका," आणि खाली बसले. इतक्या वर्षांत सरांचं एवढं नेमकं भाषण मी ऐकलं नव्हतं.

आपली पहिली भेट आठवते का? मी शाळेत नवीन होते. एका मुलीचा घोटा मुरगळला आणि मी आमच्या घरच्या रीतीनं तेल गरम करून आणवलं. आम्ही जुन्या चिखलीतले. आमच्याकडे पाय मुरगळला की आई तेल तापवायची, वडील टाच धरून ओढायचे, पोरगं किंचाळलं की सगळे म्हणायचे, "बसलं, बसलं!" कुठं काय बसायचं ते देवाला माहीत. मी तसंच चोळायला बसले होते. कंपनीची बस फाटकाशी थांबली, तुम्ही उतरलात, निळा युनिफॉर्म, काखेत डब्याची पिशवी, आणि सरळ आत आलात.

"मॅडम, चोळू नका. आत रगत सुटलेलं असतंय. चोळून त्याला आणखी पसरवायलाव तुम्ही."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"न्हाई. फिटर आहे. कंपनीत फर्स्ट-एडच्या टीमला हाय."

"मग फिटरचं काम करा."

हे मी म्हणाले. तुम्ही हसलात सुद्धा नाही. समोरच्या दुकानातून बर्फाच्या रंगीत कांड्या आणल्यात, रुमालात गुंडाळून घोट्याभोवती ठेवल्यात, पट्टी बांधलीत, मुलीचा पाय तिच्याच दप्तरावर उंच ठेवलात आणि घड्याळ बघत बसलात. थोड्या वेळानं रुमाल सोडून कांड्या तिलाच खायला दिल्यात. घोटा गार झाला आणि पोरीची जीभ केशरी. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींचे पाय दुखायला लागले, त्यांनाही कांड्या हव्या होत्या. त्यांना तुम्ही मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावल्यात.

मग पहिल्या शिफ्टचा आठवडा असला की चारच्या ठोक्याला तुम्ही हजर. दुसऱ्या शिफ्टचा आठवडा आला की मुली म्हणायच्या, "या आठवड्यात पडायचं नाही गं." दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालात तेव्हापासून तर रोजच. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, रिटायर झाले आणि जास्तच ड्युटीला लागले.

टॅगची कल्पना मला आधी हास्यास्पद वाटली होती, हे तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही समजावून सांगितलंत. कंपनीत मशीन दुरुस्तीला घेतलं की आधी त्याची वीज बंद करायची आणि बटणाला लाल टॅग लावायचा, वर आपलं नाव. आत माणूस आहे, चालू करू नका. तो टॅग साहेबानंही काढायचा नाही, मालकानंही नाही. ज्याचं नाव त्यानंच. मी म्हटलं, "अहो, या पोरी आहेत, मशीन नाहीत." तुम्ही म्हणालात, "मशीन तरी बंद पडतंय मॅडम. ही लेकरं पळतच राहतात."

आमचं मैदान मुरमाचं, बुटाशिवाय पळणं शक्यच नाही. म्हणून तुम्ही बुटांनाच कुलूप घातलंत. दुखावलेल्या मुलीचे बूट खिडकीला आणि वर तुमचं नाव. कधीकधी तीन-तीन जोड लोंबायचे आणि येणारे पालक विचारायचे, बूट वाळत घातलेत का. मुली रडायच्या, रुसायच्या, मला मस्का लावायच्या. पण तुमच्या पाठीमागे कुणी गाठीला हात लावत नसे.

आणि टॅग काढायच्या आधीची ती परीक्षा! आधी एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटून, आणि सतराचा पाढा म्हणायचा. मुलगी पाढ्यात गुंतली की पाय खरं वागायला लागतो, हे तुमचं म्हणणं. मग चांगल्या पायावर दहा उड्या, दुखऱ्यावर दहा, दोन्हीकडची टाच सारखी पडते का बघायची. मग दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती आठाच्या आकड्यात पळायचं. सगळ्यात शेवटी बसलेल्या जागेवरून उठून खो. 'दुखतंय का' असं तुम्ही कधी विचारलं नाहीत. "तोंडाला काय इचारायचं? तोंडाला खेळायचंय," म्हणायचात. सतराच्या पाढ्यात नापास झालेली आमची एक मुलगी गणितातही नापास झाली आणि तिचा बाप तुमच्याशी भांडायला आला, ते तुम्ही किती दिवस सांगत होतात.

मला तुमचा हळूपणा सोसायचा नाही. स्पर्धा तोंडावर आलेली असायची आणि तुम्ही माझ्या सगळ्यात चांगल्या मुलीला विटांभोवती फिरवत बसायचात. "काका, खेळ आहे. थोडं लागणारच," मी म्हणायचे. "लागू द्या की. लागलेल्यावर पळवायचं कशाला?" हे आपलं भांडण बारा वर्षांत पुढं सरकलं नाही. पण मुली दुखणं लपवतात हे मला तुमच्यामुळे कळलं. एकीची नडगी महिनाभर ठणकत होती. घरी कळलं तर खेळ बंद, म्हणून ती लंगडणं सुद्धा लपवून चालायची. तुम्ही तिच्या चपलेची झिजलेली कड बघून ओळखलंत, आणि तिच्या आईबापाला जाऊन सांगितलंत की पोरीला घरी बसवू नका, नुसतं थोडं थांबवा. त्यांनी ऐकलं. माझं त्यांनी ऐकलं नसतं, मी त्यांना नियम वाचून दाखवला असता.

आता ऋताचं बोलते. हे लिहायला बसले ते खरं तर त्यासाठीच, आणि मघापासून टाळतेय.

सहा वर्षं झाली. ऋता दहावीला होती, आमची सगळ्यात चपळ मुलगी. खांबाजवळ अशी वळायची की मागची मुलगी तोंडावर पडायची. सरावात तिचा गुडघा वळला, सुजला, आणि तुम्ही तिचे बूट टांगलेत. बारा दिवसांनी सूज उतरली होती. ती सरळ चालत होती. त्या गुरुवारचा सामना जिंकला असता तर वरच्या फेरीत जाऊन तिला दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळाले असते. तिची आई माझ्यापुढं हात जोडून उभी होती, मुख्याध्यापक दोनदा खोलीत डोकावून गेले होते. पण त्यांच्यावर कशाला ढकलू? मलाच जिंकायचं होतं.

तुमची दुसरी शिफ्ट होती. मी तुम्हाला फोन लावला. शिफ्ट सुरू झाली की फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं. तरी शिफ्ट सुरू झाल्यावरच लावला, आणि एकदाच लावला. तुम्ही उचलला नाहीत याचं मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, काका. मग मी औषधाच्या पेटीतली कात्री घेतली आणि तुमच्या दोरीची गाठ कापली. सोडवत बसले नाही. सोडवायला वेळ लागला असता आणि तेवढ्या वेळात कदाचित माझं मन बदललं असतं.

सामन्यात सातव्या मिनिटाला ऋता खांबाशी वळली आणि पाय तिथंच राहिला. तो आवाज माझ्यापर्यंत आला. पुढं गुडघ्याच्या आतली दोरी तुटल्याचं कळलं, ऑपरेशन झालं, ती पुन्हा खेळली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही रात्रपाळीला असल्यासारखे लाल डोळे घेऊन पिंपरीच्या दवाखान्यात आधीच केसपेपरच्या रांगेत उभे होतात. तिच्या वडिलांना धीर दिलात, तिचा पाय उचलून स्ट्रेचरवर ठेवलात. माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत त्याबद्दल. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आठवड्यानं मैदानावर आलात, कापलेली दोरी खिडकीखाली पडली होती, ती उचलून खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "मॅडम, बर्फ संपलाय."

मी वाट बघत होते. तुम्ही ओरडाल, मुख्याध्यापकांकडे तक्रार कराल, निदान यायचं बंद कराल. तुम्ही रोज आलात. ऋताकडून वर्षभर व्यायाम करून घेतलात, तिच्या घरी जाऊन खुर्चीवरून उठबस करायला शिकवलंत, आणि येता-जाता मला नेहमीसारखा नमस्कार घातलात. मला वाटायचं, या माणसानं मला मनातून पार काढून टाकलंय. बोलायच्याही लायकीची ठेवलेली नाही. एकदा तर मी म्हटलंही, "काका, बोला की काहीतरी." तुम्ही म्हणालात, "काय बोलू? त्या पोरीला पाणी द्या आधी." मी पाणी द्यायला गेले. 'मी चुकले' हे दोन शब्द त्या दिवशी राहिले ते राहिलेच.

पुण्यानुमोदनाला मी मागे, भिंतीला टेकून बसले होते. वंदना झाली, मेणबत्त्या लागल्या. तुमच्या फोटोत तुम्ही कंपनीचा तोच निळा युनिफॉर्म घातलेला. ऋता आली होती. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला लागलीय, माहीतच आहे तुम्हाला. जिना अजून एकेक पायरी करत उतरते. मला बघून शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, तुम्ही अजून माझ्या गुडघ्याकडेच बघता. जरा वर बघा की." मी वर बघितलं. हसत होती, डोळे मात्र भरलेले.

चहाच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ माझ्याजवळ आले. धोतर-टोपी, मोशीकडचे. म्हणाले, मी शिंदे, तुमच्या काकांच्या मशीनवरचा. कप त्यांनी डाव्या हातात धरला होता. उजव्या हाताला दोन बोटं नव्हती.

"त्यो टॅग लावायचा ना तुमच्या पोरींना?" त्यांनी विचारलं. "मला लय हसू यायचं. पर त्याला न्हाई हसू यायचं."

"त्यांना नियम फार," मी म्हटलं.

"नियम न्हाई वो. सांगितलं न्हाई व्हय त्यानं तुम्हाला?" शिंद्यांनी कप खाली ठेवला आणि तो उजवा हात पुढं केला. "ह्ये झालं तवा टॅग माझा हुता. आमी दोगंबी नवीन. मी प्रेसच्या आत हात घालून बसलेलो, वर माझा टॅग. सुपरवायझर बोंबलत हुता, माल पायजे, माल पायजे. भालेरावला वाटलं मी चहाला गेलो. टॅग काढला आन् बटन दाबलं."

बाजूला कुणीतरी बिस्किटांची ताटली फिरवत होतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दवाखान्यात पायाशी बसला चार दिस. मी त्याला काय बोललो न्हाई. बोलून बोटं येतात व्हय? तवापासून रोज सकाळचा चहा संगट. तीस वर्सं. त्यो एकदा म्हणला, 'शिंदे, एकदा शिव्या तरी घाल.' मी म्हणलं, 'चहा गार व्हतोय, पी.'"

काका, तुम्ही हे मला का नाही सांगितलंत? सहा वर्षं मी तुमच्या गप्प बसण्याला शिक्षा समजत होते. तुम्हाला कुणी असंच गप्प राहून सांभाळलं होतं, तेच तुम्ही मला देत होतात. आता कळलं, आता उपकार मानते. पण तरी सांगते, तुमचं चुकलंच. शिंद्यांचा चहा तुम्हाला पुरला नाही, म्हणून तर शिव्या मागितल्यात. मग तुमचा नमस्कार मला कसा पुरावा? एकदा बसवून सांगितलं असतंत की मॅडम, मीही असाच टॅग काढलाय, तर मी तिथंच, त्या मुरमात बसून, पोटभर रडले असते आणि दोघांचंही ओझं थोडं उतरलं असतं. बघा, अजून भांडतेच आहे.

निघताना मी शिंद्यांना विचारलं, "टॅग लावणारा माणूस हजर नसेल तर कंपनीत काय करतात?"

"आदी त्याला फोन लावायचा. घरी असला तरी बोलवायचा."

"आणि तो येऊच शकत नसेल तर?"

ते तुमच्या फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शिफ्ट बदलती तवा कसं करत्यात ठावं हाय का? आदी नव्या माणसानं आपला टॅग लावायचा. मग जुन्यानं आपला काढायचा. मधी मशीन मोकळं ठिवायचं न्हाई. एक मिनिट बी न्हाई."

इथपर्यंत गुरुवारी लिहिलं होतं. आज रविवार.

शुक्रवारी मुख्याध्यापक खोलीत आले. खिडकीकडे बघून म्हणाले, "मॅडम, काकाच राहिले नाहीत, मग टॅग कसला? पोरगी चालतेय की चांगली." ते वाईट मनानं म्हणाले नाहीत. ईश्वरी दारात उभी होती. गेल्या वर्षी तिची निवड एका जागेनं हुकली, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. ती म्हणाली, "मॅडम, अजिबात दुखत नाही. शप्पथ."

कात्री तिथंच पेटीत होती, काका. तीच.

मी म्हटलं, चल मैदानावर. माझे बूट तिच्या मापाचे निघाले, ते घातले तिनं. डोळे मिटून उजव्या पायावर उभी राहिली, सतराचा पाढा सुरू केला. सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत झकास. मला आत कुठंतरी आनंद व्हायला लागला होता आणि त्याचीच भीती वाटत होती. मग डाव्या पायावर दहा उड्या, ताठ. उजव्यावर एक, दोन, तीन, चार. पाचव्या उडीला पंजा बाहेर वळला. जरासाच. सहाव्या उडीला तिनं ओठ चावला आणि लगेच माझ्याकडे बघून हसली. बारा वर्षांपूर्वी मला हे दिसलंच नसतं. सहा वर्षांपूर्वी दिसलं असतं आणि मी बघितलं नसतं.

"बास," मी म्हटलं.

"मॅडम, एकदा परत करते."

"नको. नाही होत अजून."

"काका असते तर काढला असता त्यांनी टॅग!" ती ओरडली आणि माझे बूट तिथंच काढून अनवाणी, मुरमातून, पाय वाकडे टाकत पाण्याच्या टाकीमागे गेली. मी तिच्यामागे गेले नाही. तुम्ही कधी जायचा नाहीत.

मग मी तुम्हाला फोन लावला. वेडेपणा आहे, माहीत आहे. पण नियम तसा आहे, आणि मागच्या वेळी मी तो नीट पाळला नव्हता. रिंग पूर्ण होऊ दिली. परत लावला. दुसऱ्यांदा काकूंनी उचलला.

"काकू, मी शाळेतून बोलतेय. खिडकीला त्यांचा एक टॅग राहिलाय."

काकू मग म्हणाल्या, "त्यांच्या शर्टाच्या खिशात कोरे टॅग निघालेत मॅडम, आन् एक कापलेली दोरी. टॅग मी समजले. दोरीचं काय ते कळंना. टाकून देऊ का?"

"नका टाकू," मी म्हटलं. "दोन्ही मला द्या. दोरी माझी आहे."

काल सकाळी चाचणीच्या आधी त्या स्वतः रिक्षानं घेऊन आल्या. दोरी तीच होती, एक टोक कात्रीनं सरळ कापलेलं, दुसरं मळून काळं झालेलं. सहा वर्षं रोज शर्ट बदलताना तुम्ही ती या खिशातून त्या खिशात घालत होतात, काका. मी तिथंच काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि जे तुम्हाला म्हणायचं होतं ते त्यांना म्हटलं. "मी चुकले होते." त्यांना संदर्भ कळला नाही. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाल्या, "चुकत्यात माणसं. पाणी घ्या."

मग कोऱ्या टॅगवर मी लिहिलं : 'ईश्वरी, नववी ब. उजवा घोटा. काम चालू आहे.' आणि खाली माझं नाव. अक्षर तुमच्याइतकं चांगलं आलं नाही. त्याच कापलेल्या दोरीनं तो तुमच्या टॅगशेजारी बांधला. ईश्वरी चाचणीला आली होती, रडून सुजलेले डोळे घेऊन. दिवसभर तिनं बाकीच्यांना पाणी दिलं आणि माझ्याशी अबोला धरला. दुपारी खिडकीशी जाऊन दोन्ही टॅग वाचत उभी राहिली. मग माझ्याजवळ आली आणि खालमानेनं विचारलं, "मॅडम, सोमवारी परत उड्या घ्याल?" मी म्हटलं, सोमवारी बर्फ आणि पाढा, उड्या पुढच्या आठवड्यात. तिनं मान डोलावली.

शिंदे म्हणतात त्या नियमानं माझा टॅग लागला, आता तुमचा काढायला हरकत नव्हती. मी काल दोनदा खिडकीपर्यंत गेले. नाही काढला. ज्या दिवशी पोरगी दहाच्या दहा उड्या सरळ घालेल, त्या दिवशी गाठ सोडावीच लागेल. कापणार नाही, कितीही वेळ लागला तरी बोटांनी सोडवीन. बूट मोकळे होतील आणि या खिडकीला तुमच्या अक्षरातलं काही उरणार नाही. ईश्वरीसाठी तो दिवस लवकर यावा, काका. माझ्यासाठी जरा उशिरा आला तरी चालेल.